काचेच्या घरातील चिमुकल्यांची सुरक्षा

घरात माणसांखेरीज आणखी कोणी जिवंत असावे, ही ओढ तशी जुनीच. अंगण होते तेव्हा तुळशीशेजारी गाय होती, ओसरीवर मांजर होते, पिंजऱ्यात पोपट होता. वाड्यांची जागा सदनिकांनी घेतली, अंगण गेले. ओढ मात्र राहिली. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आलेली काचेची मत्स्यपेटी ही त्या ओढीचीच एक खूण होय. ती भुंकत नाही, शेजाऱ्यांची झोप मोडत नाही, बदली झाली तर नव्या गावी पुन्हा मांडता येते. बँकेच्या नोकरीत दर काही वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या आमच्यासारख्यांना या शेवटच्या गुणाचे मोल विशेष वाटते.

या छंदाचा इतिहास फार जुना नाही. बंद पेटीतील पाण्यात मासे, वनस्पती आणि गोगलगायी एकमेकांच्या आधाराने जगू शकतात, हे इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास प्रयोगाने दाखवले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. आपल्याकडे १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना काचेपलीकडच्या जगाची पहिली ओळख करून दिली. आज मुंबईतील कुर्ला, कोलकात्यातील गॅलिफ स्ट्रीट किंवा चेन्नईतील कोलत्तूर ही नावे देशभरच्या मत्स्यप्रेमींच्या ओठांवर असतात.

अलीकडच्या काळात या छंदाने एक नवे वळण घेतले आहे. पूर्वी टाकी म्हटली की गोल्डफिश, एंजल असे ठळक मासे डोळ्यांपुढे येत. आता पंचवीस-तीस लिटरच्या लहानशा टाकीत हिरवीगार वनस्पती लावून त्यांत चिमुकले जीव पाळण्याकडे कल वाढला आहे. लालचुटुक चेरी झिंगा, गप्पीची पिल्ले, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील जेमतेम दोन सेंटिमीटरचा दारियो, केरळच्या नद्यांतील वाटाण्याएवढा पफर मासा, नाना रंगांच्या गोगलगायी हे या नव्या घरांतील रहिवासी. रहिवासी बदलले, पण घरातील यंत्रसामग्री बहुधा तीच राहिली. मोठ्या माशांना ज्या फिल्टरपासून कसलाही उपद्रव नव्हता, त्याच फिल्टरचे पाणी ओढून घेणारे तोंड या चिमुकल्यांच्या जिवावर उठते. हा लेख त्या एका तोंडाविषयी आहे.

फिल्टर हवाच कशाला?

धोका असेल तर फिल्टर काढूनच टाकावा, असे एखाद्याच्या मनात येणे साहजिक आहे. पण तो मार्ग बहुतेकांना परवडणारा नाही. मासे आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात सोडत असतात. उरलेले अन्न आणि कुजणारी पाने त्यात भर घालतात. नदीत हा अमोनिया वाहून जातो, विरून जातो. साठ लिटरच्या पेटीत तो साठत राहतो आणि अत्यल्प प्रमाणातही जलचरांना घातक ठरतो.

येथे निसर्गाचे अदृश्य सेवक उपयोगी पडतात. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि काही नायट्राइटचे त्यामानाने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे काम जीवाणूंचे आहे, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने सिद्ध केले. मत्स्यपेटीत या जीवाणूंची सर्वांत मोठी वसाहत फिल्टरमधील स्पंजावर आणि इतर सच्छिद्र वस्तूंवर असते. पाणी सतत त्यांच्यावरून वाहत राहिले, तरच त्यांना प्राणवायू आणि अन्न मिळते. म्हणजे फिल्टर हा केवळ कचरा अडवणारा गाळणा नव्हे. तो त्या पेटीचा श्वास आहे. तेव्हा प्रश्न फिल्टर असावा की नसावा हा नसून, त्याचा प्रवाह कायम राखून त्याच्या तोंडाशी येणाऱ्या लहान जिवाला अभय कसे द्यावे, हा आहे.

तोंडाशी नेमके काय घडते?

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे कोणतीही गोष्ट आकड्यांत मांडल्याखेरीज मला नीट उमगत नाही. म्हणून एक साधा हिशेब वाचकांपुढे ठेवतो.

समजा, साठ लिटरची टाकी आहे आणि तिला ताशी ३०० लिटर पाणी फिरवणारा फिल्टर आहे. म्हणजे तासाला पाच वेळा सगळे पाणी गाळून निघते. सेकंदावर आणले तर दर सेकंदाला सुमारे ८३ घन सेंटिमीटर पाणी नळीत शिरते. नळीचा आतला व्यास १२ मिलिमीटर धरला, तर तिच्या उघड्या तोंडाचे क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर भरते. भागाकार केला की उत्तर येते सेकंदाला सुमारे ७४ सेंटिमीटर. या वेगाने पाणी त्या तोंडात शिरत असते.

बहुतेक नळ्यांना कंपनीकडूनच खाचांची एक टोपी बसवलेली असते. तिच्या सर्व खाचांचे मिळून क्षेत्रफळ चार चौरस सेंटिमीटर मानले, तर वेग सुमारे २१ सेंटिमीटरवर येतो. मोठ्या माशाला एवढे पुरे. आता त्याच नळीवर पाच सेंटिमीटर व्यासाचा आणि आठ सेंटिमीटर उंचीचा गोल स्पंज चढवला, तर पाणी त्याच्या संपूर्ण पृष्ठभागावरून आत येऊ लागते. हा पृष्ठभाग तळासह साधारण १४५ चौरस सेंटिमीटर होतो. पाणी तेवढेच, पंप तोच. पण वेग सेकंदाला अर्ध्या सेंटिमीटरच्या जरासाच वर!

या हिशेबाचे सार एका वाक्यात सांगता येते. चिमुकल्यांना धोका पंपाच्या शक्तीपेक्षा ती शक्ती एका लहानशा तोंडाशी एकवटण्यातून निर्माण होतो. म्हणून पंपाची ताकद कमी करण्यापेक्षा त्याचे तोंड मोठे करणे हा खरा उपाय आहे. कर्जवाटप एकाच उद्योगात एकवटू नये, ते विखुरलेले असावे, हा आमच्या व्यवसायातील धडा येथे पाण्यालाही लागू पडतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नळीच्या तोंडापासून दूर गेले की ओढ फार झपाट्याने कमी होते. वरच्याच उदाहरणात पाणी सर्व बाजूंनी मोकळेपणी येत असेल, तर तोंडापासून पाच सेंटिमीटरवर वेग सेकंदाला ०.३ सेंटिमीटरपेक्षाही कमी असतो. मग पिल्ले तिथवर जातातच कशाला? कारण अन्नाचे कण, कुजलेली पाने, शेवाळाचे धागे प्रवाहाबरोबर त्याच तोंडाशी जमा होतात. भुकेले पिल्लू खाद्याच्या मागोमाग जाते आणि शेवटच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये त्याचा इलाज चालत नाही.

सर्वाधिक धोका कोणाला?

चेरी झिंग्याची मादी आपली वीस-तीस अंडी पोटाखाली धरून तीन-चार आठवडे वागवते. एखादी आई पदराखाली लेकरू सांभाळते तशी ती आपल्या पोहण्याच्या पायांनी त्यांना सतत वारा घालत असते. अंड्यांतून बाहेर येणारी पिल्ले म्हणजे आईच्याच हुबेहूब छोट्या प्रतिकृती; मात्र लांबी सुमारे दोन मिलिमीटर. स्वतःच्या लांबीच्या दहापट अंतर ती सेकंदात कापू शकतात असे मानले, तरी त्यांचा वेग दोन सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. २१ सेंटिमीटरच्या ओढीपुढे ती कशी टिकणार? कात टाकल्यानंतर मोठा झिंगाही काही काळ मऊ आणि दुबळा असतो. त्यालाही तेव्हा या तोंडाची भीती असते.

गप्पी आपल्या वाचकांना परका नाही. हिवताप आणि डेंग्यू यांच्या निर्मूलनासाठी विहिरींत व पाणवठ्यांत गप्पी मासे सोडण्याची आरोग्य खात्याची मोहीम महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. हा मासा अंडी न घालता थेट पिल्ले देतो. साधारण महिन्याकाठी एकेका मादीला वीस-तीस, कधी पन्नासहूनही अधिक पिल्ले होतात. जन्मतः ती सहा-सात मिलिमीटरची असतात आणि लगेच पोहू लागतात. परंतु पहिल्या दिवसांत त्यांना मोठ्या माशांइतकेच फिल्टरचेही भय असते.

लढाऊ मासा, ज्याला दुकानदार ‘फायटर’ म्हणतात, त्याची पिल्ले तर याहून नाजूक. नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे करतो; एक-दोन दिवसांत अंडी उबून त्यांतून दोऱ्याच्या तुकड्यासारखे दिसणारे, दोन-तीन मिलिमीटरचे जीव बाहेर पडतात. त्यांच्या टाकीत पंपाचा फिल्टर चालवणे म्हणजे पिल्लांना वाहत्या नाल्याशेजारी झोपवणेच होय. मोठ्या फायटरलाही आपल्या लांबलचक परांमुळे धोका असतो. पर खाचेत ओढले जाऊन फाटतात.

दारियो आणि वाटाणा पफर हे संथ पाण्यातील रहिवासी. जोरकस प्रवाहाची त्यांना सवय नसते. लहान गोगलगायी नळीवर चढून बसतात आणि त्यांपैकी काही थेट पंपाच्या पंख्यापर्यंत पोहोचतात. त्यात जीव त्यांचा जातो आणि पंप आपला बिघडतो.

जमाखर्चात न उमटणारा तोटा

मोठा मासा मेला तर तो तरंगताना दिसतो, मुले हळहळतात, घरात दोन दिवस त्याची चर्चा होते. दोन मिलिमीटरचे पिल्लू नळीत गेले, तर त्याची कोणालाच वार्ता लागत नाही. ‘झिंग्यांना अंडी दिसतात, पण पिल्ले वाढत नाहीत’, ‘यांचे पाणी मानवत नसावे’ असे उद्गार अनेक छंदप्रेमींकडून ऐकू येतात. पाणी तपासले जाते, खाद्य बदलले जाते, औषधेही घातली जातात. पण फिल्टर उघडून त्याच्या पोटात कोणी पाहत नाही. कित्येकदा तेथेच, कचऱ्यावर जगत, पिल्ले तग धरून असतात. म्हणून बाह्य फिल्टर साफ करताना त्यातील पाणी मोरीत ओतण्यापूर्वी पांढऱ्या टबात घेऊन दोन मिनिटे न्याहाळावे. बुडत गेलेले खाते अनपेक्षितपणे पुन्हा सुरळीत झाल्याचा आनंद त्यात मिळू शकतो.

याच्या उलट चूकही होते. नळीच्या तोंडाला चिकटलेला मोठा मासा दिसला की दोष सरळ फिल्टरवर येतो. वस्तुतः निरोगी, पूर्ण वाढलेला मासा साधारण फिल्टरच्या ओढीतून सहज निसटतो. तो चिकटला असेल, तर बहुधा आधीच आजारी, दमलेला किंवा मेलेला असतो; प्रवाहाने त्याला फक्त तेथवर आणलेले असते. अशा वेळी नळीवर जाळी बसवून निश्चिंत होण्यापेक्षा पाण्यातील अमोनिया व नायट्राइट तपासणे, टाकीत गर्दी झाली आहे का ते पाहणे अगत्याचे ठरते. लक्षण आणि कारण यांत फरक करणे हे लेखापरीक्षकाचे पहिले कर्तव्य, मत्स्यपालकाचेही तेच.

कवच कोणते निवडावे?

सर्वांत सोपे, स्वस्त आणि बहुगुणी कवच म्हणजे नळीवर चढवायचा स्पंज. मत्स्यपेटीच्या दुकानात मधोमध भोक असलेला गोल किंवा चौकोनी स्पंज मिळतो. त्याच्या छिद्रांची सूक्ष्मता एका इंचात किती छिद्रे, या मापाने सांगतात. झिंग्यांच्या पिल्लांसाठी इंचाला तीसच्या आसपास छिद्रे असलेला स्पंज योग्य. त्यातील छिद्र एक मिलिमीटरहून लहान असते. याहून फार बारीक स्पंज लवकर तुंबतो, फार जाड स्पंजात पिल्ले शिरतात. नळीचे टोक स्पंजाच्या आत पूर्ण बुडालेले, पण तळाला न टेकलेले असावे. या स्पंजाचा दुसरा लाभ असा की, काही आठवड्यांत त्यावरही उपकारक जीवाणूंची वस्ती होते. तिसरा लाभ डोळ्यांना सुखावणारा आहे. जे तोंड पिल्लांना गिळत होते, त्याच्याच भोवती ती निवांत चरताना दिसू लागतात. कारण अन्नकण आता स्पंजाच्या पृष्ठभागावर अलगद थांबलेले असतात.

दुसरा पर्याय स्टेनलेस स्टीलच्या जाळीच्या नळकांड्याचा. ते टिकाऊ असते, धुण्यास सोपे असते आणि टाकीत फारसे नजरेत भरत नाही. मात्र जाळीचे नळकांडे लांब आणि रुंद निवडावे. नळीला घट्ट बसणारी चिमुकली जाळी पिल्लाला आत जाऊ देत नसली, तरी बाहेर चिकटवून ठेवते. तांब्याची किंवा पितळेची जाळी चुकूनही वापरू नये. तांबे अल्प प्रमाणातही झिंगे आणि गोगलगायींना विषारी असते. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळीही वर्ज्य समजावी.

तिसरा मार्ग म्हणजे फिल्टरच बदलणे. हवेच्या पंपावर चालणाऱ्या स्पंज फिल्टरला पाणी ओढणारे वेगळे तोंडच नसते. नळीत सोडलेले बुडबुडे वर जाताना पाणी सोबत घेऊन जातात आणि त्याची जागा घेण्यासाठी पाणी स्पंजातून हळूहळू आत झिरपते. पंखा नाही, खाच नाही, त्यामुळे अपघातही नाही. पिल्लांच्या संगोपनासाठी व्यावसायिक मंडळी याच फिल्टरला पसंती देतात. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, अथवा हवेच्या नळीत पाणी उलट येऊ न देणारी झडप बसवावी. नाहीतर वीज गेल्यावर टाकीतील पाणी उलटे नळीतून पंपात येण्याचा संभव असतो.

तात्पुरती सोय म्हणून नायलॉनच्या पायमोज्याचा तुकडा नळीभोवती सैलसर गुंडाळून सुती दोऱ्याने बांधता येतो. अचानक पिल्ले दिसली आणि दुकाने बंद आहेत, अशा रात्री तो उपयोगी पडतो. परंतु तो लवकर भरतो, म्हणून त्यावर महिनोन्महिने विसंबू नये. भांडी घासायचा स्पंज मात्र कदापि वापरू नये. त्यात साबण किंवा जंतुनाशक मिसळलेले असू शकते आणि जंतुनाशक आपल्या उपकारक जीवाणूंनाही सोडत नाही.

प्रवाह कमी करायचा असेल, तर तो बाहेर पडणाऱ्या बाजूच्या तोटीने करावा, आत येणाऱ्या बाजूने नव्हे. आत येणारी बाजू आवळली की पंपाला पाणी कमी पडते, तो घरघरतो आणि लवकर झिजतो.

कवचाचीही निगा हवी

येथवर वाचून एखादा वाचक स्पंज आणेल, बसवेल आणि विसरून जाईल. खरा धोका तेथून सुरू होतो. स्पंज कचरा अडवतो, म्हणजेच तो हळूहळू भरत जातो. अर्धा पृष्ठभाग बुजला की उरलेल्या अर्ध्यावर वेग दुप्पट होतो. तीन चतुर्थांश बुजला की चौपट. त्याच वेळी एकूण प्रवाहही मंदावतो, पाण्याची हालचाल कमी होते आणि प्राणवायू घटतो. उन्हाळ्यात हे अधिकच गंभीर असते. वीस अंश सेल्सियस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तीस अंशांवर हे प्रमाण ७.६ मिलिग्रॅमवर येते. नागपूर, हैदराबाद किंवा अहमदाबादच्या मे महिन्यात तुंबलेला स्पंज आणि कोंदटलेली टाकी ही जोडी जीवघेणी ठरू शकते.

यासाठी एक सोपी मोजणी सुचवावीशी वाटते. स्पंज नवा असताना फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली एक लिटरची बाटली धरावी आणि ती भरण्यास किती सेकंद लागतात ते लिहून ठेवावे. ताशी ३०० लिटरचा प्रवाह असेल, तर बारा सेकंद लागतील. पुढे तीच बाटली भरण्यास अठरा सेकंद लागू लागले, तर प्रवाह २०० लिटरवर आला आहे आणि स्पंज धुण्याची वेळ झाली आहे, असे समजावे. खोक्यावर छापलेला आकडा बहुधा रिकाम्या पंपाचा असतो. प्रत्यक्षातला आकडा ही बाटलीच सांगते. टाकीशेजारी एक लहान वही ठेवून त्यात तारीख आणि सेकंद नोंदवले, तर महिन्याभरात आपल्या टाकीचा स्वभाव कळून येतो.

स्पंज धुण्याचीही रीत आहे. सर्वप्रथम पंप बंद करावा. स्पंज काढताना पंप चालू राहिला, तर ज्या तोंडापासून आपण पिल्लांना जपत होतो, तेच काही क्षण उघडे पडते. आणि नेमक्या त्याच वेळी स्पंजावर चरणारी पिल्ले दचकून सैरावैरा पळत असतात. पंप थांबवून स्पंज हलकेच हलवावा, म्हणजे त्यावरची मंडळी उतरून जातात. मग स्पंजाखाली एक वाडगा किंवा पिशवी धरून तो अलगद उचलावा, म्हणजे गाळ टाकीत पसरणार नाही. पाणी बदलताना काढलेल्या टाकीच्याच पाण्यात तो पिळून घ्यावा. नळाच्या पाण्यातील क्लोरिनमुळे जीवाणूंची वस्ती नष्ट होते. पिळलेल्या पाण्यातही एकदा पिल्ले शोधावीत. दोन स्पंज असल्यास आळीपाळीने वापरता येतात आणि आतील व बाहेरील स्पंज एकाच दिवशी धुण्याचा मोह टाळता येतो.

आपल्याकडे वीज जाणे ही नित्याची गोष्ट. पंप थांबला की नळीच्या तोंडाशी असलेली ओढ नाहीशी होते आणि उघड्या नळीत गोगलगायी, झिंगे निर्धास्तपणे शिरतात. वीज परतली की पंप एकदम पूर्ण वेगाने सुरू होतो आणि त्यांना परत फिरण्याची संधी मिळत नाही. नळीवर स्पंज असेल तर हा प्रसंगच उद्भवत नाही. खाद्य घालताना दहा मिनिटे पंप थांबवण्याची पद्धतही चांगली आहे. फक्त तो पुन्हा सुरू करण्याची आठवण राहिली पाहिजे. भ्रमणध्वनीचा गजर लावून ठेवणे श्रेयस्कर!

समुद्राकाठचे मोठे तोंड

हा प्रश्न केवळ दिवाणखान्यातला नाही. समुद्राकाठची वीजकेंद्रे यंत्रणा थंड ठेवण्यासाठी प्रचंड प्रमाणात समुद्राचे पाणी ओढून घेतात. आपल्याकडे तारापूर आणि कल्पाक्कम ही त्याची परिचित उदाहरणे. तेथेही पाण्याबरोबर मासे, अंडी, पिल्ले, जेलीफिश तोंडाशी येतात. काही जाळीला चिकटतात, काही आत ओढली जातात. फिरत्या जाळ्या लावून त्यांना अडवण्याची व्यवस्था केली जाते. अमेरिकेत २००१ मध्ये नव्या आणि २०१४ मध्ये जुन्या केंद्रांसाठी केलेल्या नियमांत, जाळीतून जाणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा फूट, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटरच्या आत राखणे हा माशांच्या बचावाचा एक मान्य मार्ग ठरवण्यात आला. तोंड रुंद करा, वेग कमी करा, जाळी स्वच्छ ठेवा: हजारो कोटींच्या प्रकल्पालाही तोच मंत्र आणि साठ लिटरच्या टाकीलाही तोच.

छंदातून व्यवसायाकडे

शोभिवंत मासे हा आता अनेक कुटुंबांच्या चरितार्थाचा विषय झाला आहे. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची सुविधा मत्स्यव्यवसायापर्यंत विस्तारण्याची घोषणा झाली. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसदारी शोभिवंत मासे वाढवण्याच्या घटकांचाही समावेश करण्यात आला आणि सर्वसाधारण लाभार्थींना प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींना ६० टक्के साहाय्याची तरतूद ठेवण्यात आली. उरलेल्या रकमेसाठी बँकेच्या दारी येणाऱ्या अर्जांत महिलांच्या बचतगटांचेही अर्ज असतात.

अशा प्रकल्पाचा अहवाल वाचताना टाक्या किती, शेडचा खर्च किती, खाद्याचा दर काय, हे प्रश्न ओघाने येतात. जन्मलेल्या शंभर पिल्लांपैकी विक्रीपर्यंत किती पोहोचतात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. समजा, एका घटकात महिन्याला एक हजार पिल्ले जन्मतात आणि विक्रीचा दर नगाला दहा रुपये आहे. केवळ उघड्या नळीमुळे शंभरातील दहा पिल्ले नाहीशी होत असतील, तर महिन्याला एक हजार आणि वर्षाला बारा हजार रुपये पाण्यातून वाहून जातात. कर्जाच्या एखाद-दुसऱ्या हप्त्याची सोय त्यातून सहज होऊ शकली असती. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या टाकीचे आकडे घालून पाहावेत. त्यापुढे स्पंजाचा खर्च अगदीच किरकोळ ठरतो. शेतकऱ्याला विम्याचा हप्ता भरताना जसा विचार करावा लागतो, तसा येथे करावाच लागत नाही.

थोडक्यात सांगायचे तर

टाकीत झिंगे, पिल्ले किंवा दोन-तीन सेंटिमीटरचे मासे असतील, तर पुढील गोष्टी आवर्जून कराव्यात.

१. फिल्टरच्या नळीवर पिल्ले येण्यापूर्वीच योग्य छिद्रांचा, मोठ्या पृष्ठभागाचा स्पंज बसवावा.

२. नळीचे तोंड घासाच्या जागेपासून आणि पिल्लांच्या लपण्याच्या जागेपासून दूर असावे. टाकीच्या दुसऱ्या बाजूला मॉससारखी दाट वनस्पती लावावी, म्हणजे पिल्लांना तेथेच आसरा आणि चारा मिळतो.

३. केवळ पिल्लांसाठीच्या टाकीत हवेवर चालणारा स्पंज फिल्टर वापरावा.

४. दर आठवड्याला बाटलीने प्रवाह मोजावा आणि तो मंदावताच स्पंज टाकीच्या पाण्यात धुवावा.

५. स्पंज काढण्यापूर्वी पंप बंद, आणि काम झाल्यावर पंप सुरू, हा क्रम कधीही चुकवू नये.

६. फिल्टरमधील पाणी टाकून देण्यापूर्वी त्यात कोणी जिवंत आहे का, ते पाहावे.

ज्या जिवांना आपण नदीतून किंवा दुकानातून उचलून आपल्या घरी आणतो, त्यांना पळून जाण्यासाठी दुसरी जागा नसते. चार काचांच्या आत त्यांचे सारे जग असते आणि त्या जगाचे नियम आपण ठरवलेले असतात. ते किती मोठे आहेत, त्यांची किंमत किती, यावर आपली जबाबदारी कमी-अधिक होत नाही. येत्या रविवारी पाणी बदलताना वाचकांनी आपल्या टाकीतील नळीच्या तोंडाकडे एकवार निरखून पाहावे आणि ते उघडे असेल, तर त्याच आठवड्यात त्यावर स्पंज चढवावा, एवढीच विनंती.